दुर्बीण एकटी चालवायची असेल, तर आधी छप्पर एकटं बंद व्हायला हवं

प्रश्न थोडक्यात असा: खांबावर कायमची बसवलेली दुर्बीण आहे, वर सरकतं छप्पर आहे, कॅमेरा आणि संगणकही आहे. आतापर्यंत रात्री शेजारी बसून काम व्हायचं. आता संध्याकाळी आपोआप सुरू होणारी आणि पहाटे आपोआप मिटणारी खासगी वेधशाळा करायची आहे. त्यासाठी उपकरणं कोणती लागतील, कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि बिघाड कुठे होतात?

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करू. दुरून चालवल्या जाणाऱ्या वेधशाळेत माणूस पडद्यासमोर जागा असतो. ढग दिसले की तो छप्पर लावतो, केबल अडकलेली दिसली की माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, थांबवतो. रोबोटिक वेधशाळेत हे निर्णय यंत्रालाच घ्यावे लागतात, आणि तेही एखादा भाग बिघडलेला असताना. बहुतेक जण पहिल्या प्रकारची सामग्री घेतात आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाची अपेक्षा ठेवतात. आपण कुठे आहोत हे कळायला एकच कसोटी पुरते: इंटरनेट बंद आहे, संगणक गोठला आहे, वीज गेली आहे आणि पाऊस सुरू झाला आहे. अशा वेळी छप्पर बंद होतं का? होत असेल, तर उरलेल्या चुका एखाद्या रात्रीच्या नुकसानीवर भागतात. होत नसेल, तर दुर्बीण कितीही चांगली असो, ती एका सरीच्या अंतरावर उभी आहे. म्हणून मांडणी शेवटाकडून करायची: आधी बंद होणं, मग उघडणं, आणि छायाचित्रण सगळ्यांत शेवटी.

छप्पर आणि त्याची मोटर

सरकत्या छपरासाठी फाटकाची मोटर, दातेरी पट्टी आणि पिनियन (तिच्यात बसणारं दातेरी चाक) ही जोडी सहज मिळते आणि टिकाऊ असते. पण फाटकाच्या मोटरची मूळ सर्किट आपल्या कामाची नसते, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे एकाच बटणावर उघड, थांब, बंद असा फेरा फिरतो. संगणकाने एक पल्स जास्त पाठवली किंवा एक हरवली, की तो बंद करायला सांगतो आणि छप्पर उघडतं. दुसरं, अडथळा जाणवला की ही मोटर उलट फिरते. फाटकात माणूस सापडू नये म्हणून ती सोय ठेवलेली असते. पण वेधशाळेत रुळावर खडा आला किंवा थंडीत ग्रीस घट्ट झालं, तरी छप्पर अर्ध्यावरून परत जाऊन सताड उघडं राहतं. त्यामुळे उघडण्यासाठी आणि बंद करण्यासाठी स्वतंत्र इनपुट असलेला कंट्रोलर घ्या. अडथळा आला तर त्याने थांबावं, काही सेकंदांनी पुन्हा बंद करायचा प्रयत्न करावा आणि तीन प्रयत्नांनंतर सूचना पाठवावी.

छपराच्या दोन्ही टोकांना स्थिती सांगणारे सेन्सर लागतात. उघडे रोलर-लिव्हर स्विच धुळीने आणि गंजाने अडकतात. चुंबकावर चालणारे रीड स्विच किंवा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर जास्त भरवशाचे. जोडणीचा नियम असा, की तार तुटली तर "बंद आहे" असा संदेश कधीच जाता कामा नये. बंद स्थितीत सर्किट पूर्ण होतं, तार तुटली की ते अपूर्ण राहतं आणि यंत्रणा "बंद नाही" असं धरून चालते. दोन्ही टोकांचे सेन्सर एकाच वेळी "हो" म्हणत असतील, तर तो बिघाड समजून रात्रीचं काम थांबवायचं. छप्पर ४० सेकंदांत सरकत असेल, तर ६० सेकंदांनी टोकाचा सेन्सर लागला नाही की मोटर तोडायची.

वाऱ्याचा हिशेब अनेकांकडून राहून जातो. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरमागे सुमारे ४८ किलो वजनाइतका भरतो. तीन मीटर बाय तीन मीटरच्या छपराला तो सव्वाचारशे किलोंच्या घरात जातो, आणि छपराच्या आकारानुसार त्यातला मोठा भाग वरच्या दिशेने ओढतो. नुसती चाकं रुळावर टेकलेली असतील तर छप्पर उडतं. रुळाच्या ओठाखाली अडकणारे आकडे चारही बाजूंना हवेत, आणि बंद स्थितीत मोटरच्या भरवशावर न राहता वेगळा खिट्टीसारखा अडसर हवा.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. छप्पर बुटकं असेल, तर दुर्बीण पार्क झाल्याशिवाय, म्हणजे ठरलेल्या आडव्या स्थितीत येऊन थांबल्याशिवाय, ते तिच्यावरून जाऊ शकत नाही. मग माउंट अडकला आणि पाऊस आला, तर काय करायचं? छप्पर तसंच ओढलं तर दुर्बीण मोडते, थांबवलं तर भिजते. या पेचाला सॉफ्टवेअरमध्ये चांगलं उत्तर नाही. भिंती किंवा छप्पर उंच करा, म्हणजे दुर्बीण कुठल्याही दिशेला रोखलेली असली तरी छप्पर मोकळं सरकेल. बांधकाम आधीच झालेलं असेल आणि उंची वाढवता येत नसेल, तर निदान दोन तजविजी हव्यात. पार्क स्थिती माउंटच्या सॉफ्टवेअरला विचारायची नाही. दुर्बिणीच्या नळीवर चुंबक आणि खांबाच्या बाजूला रीड स्विच लावून ती प्रत्यक्ष तपासायची. आणि माउंटचा वीजपुरवठा दुरून तोडून जोडता यायला हवा, कारण अडकलेले बरेचसे माउंट वीज तोडून, पुन्हा होम, म्हणजे मोजणीची मूळ खूण, शोधायला लावून पार्क होतात.

घुमट असेल तर दुर्बिणीला वारा आणि परका प्रकाश कमी लागतो, पण फट सतत दुर्बिणीसमोर ठेवावी लागते आणि शटरला (फटीच्या झडपेला) फिरत्या घुमटावर वीज पोहोचवावी लागते. शटरची बॅटरी चार्ज करणारे स्पर्शबिंदू फक्त होम स्थितीत जुळतात. कार्बन चढला की चार्जिंग थांबतं आणि ते काही दिवसांनी, नको त्या रात्री कळतं. एका दुर्बिणीसाठी सरकतं छप्परच सरळ पडतं.

हवामानाचे सेन्सर

पावसाचा सेन्सर ही शेवटची ओळ आहे, पहिली नाही. माउंटला पार्क व्हायला एक मिनिट आणि छपराला ४० सेकंद लागणार असतील, तर पहिला थेंब पडल्यावर पावणेदोन मिनिटं दुर्बीण उघडी राहणार. म्हणून खरा पहारा ढगांच्या सेन्सरचा. तो आकाशाचं अवरक्त तापमान मोजतो आणि हवेच्या तापमानाशी त्याची तुलना करतो. एमएलएक्स९०६१४ ही थर्मोपाइल चिप यासाठी सर्रास वापरली जाते. लुनाटिकोचा क्लाउडवॉचर आणि बोल्टवुडचा सेन्सर हीदेखील याच तत्त्वावरची तयार उपकरणं. कोरड्या, स्वच्छ आकाशाचं वाचन हवेपेक्षा वीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त खाली असतं. दाट, खालचे ढग आले की हा फरक काही अंशांवर येतो. पण हवेत बाष्प जास्त असेल, तर स्वच्छ आकाशातही फरक कमी दिसतो. त्यामुळे दुसऱ्याच्या वेधशाळेतला आकडा उचलून चालत नाही. आधी काही आठवडे नुसती नोंद ठेवा, शेजारी अखिल-आकाश कॅमेऱ्याची चित्रं ठेवा, मग उंबरठा ठरवा. ऋतू बदलला की तो पुन्हा तपासा.

हा सेन्सर उघड्यावरच बसवायचा. साधी काच अवरक्त किरण अडवते, त्यामुळे काचेमागे तो काचेचंच तापमान मोजत बसतो. त्यावर दव साचलं किंवा पक्ष्याची विष्ठा पडली तर तो "ढग आहेत" म्हणतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, चालेल. धोकादायक चूक वेगळीच: सेन्सरची केबल सुटते आणि सॉफ्टवेअर तासाभरापूर्वीचं "स्वच्छ" हेच वाचन धरून बसतं. म्हणून प्रत्येक वाचनाची वेळ तपासा. दोन मिनिटांपेक्षा जुनं वाचन म्हणजे असुरक्षित, मग आकडा काहीही असो.

पावसासाठी हायड्रिऑनचा आरजी-९ किंवा आरजी-११ यांसारखा प्रकाशीय सेन्सर चांगला. कपॅसिटिव्ह पट्टीचा सेन्सर घेतला तर त्यात हीटर हवा, नाहीतर थेंब वाळेपर्यंत तो पाऊसच सांगत राहतो. कोळी आपलं जाळं नेमकं प्रकाशीय सेन्सरच्या घुमटीवर विणतात, हेही ध्यानात असू द्या. शक्य असेल तर दोन वेगळ्या तत्त्वांचे पाऊस-सेन्सर लावा आणि दोघांपैकी कुणीही "पाऊस" म्हटलं की बंद.

उंबरठे लावताना बंद होण्याचा आणि उघडण्याचा नियम सारखा ठेवू नये. बंद तत्काळ, पण उघडण्याआधी सगळी वाचनं सलग वीस ते तीस मिनिटं सुरक्षित हवीत. नाहीतर तुटक ढगांच्या रात्री छप्पर दहादा उघडझाप करतं आणि मोटर तापते. वाऱ्यासाठी ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या झोताला बंद करणं बहुतेक ठिकाणी योग्य ठरतं. आर्द्रतेच्या टक्क्यापेक्षा हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक पाहा. तो दोन अंशांखाली आला की काचा भिजायला लागतात.

वीज

बारा व्होल्टची उपकरणं बहुधा उपाशी ठेवली जातात. माउंट, थंड कॅमेरा, दव-हीटर, फोकसर (फोकस सरकवणारी मोटर) आणि छोटा संगणक मिळून आठ ते दहा अँपिअर सहज लागतात. खोलीच्या टोकाला ठेवलेल्या पुरवठ्यापासून खांबापर्यंत दहा मीटर अंतर असेल आणि तार १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध ०.२३ ओम होतो. दहा अँपिअरला २.३ व्होल्ट वाटेतच जातात, १३.८ व्होल्टचे ११.५ उरतात. कॅमेऱ्याचा कूलर पूर्ण जोरात असताना माउंट फिरायला लागला, की व्होल्टेज आणखी दबतं आणि माउंट पायऱ्या चुकतो किंवा यूएसबी हब रीसेट होतो. लोक मग आठवडे ड्रायव्हर बदलत बसतात. पुरवठा खांबापाशी आणा किंवा चार चौरस मिलिमीटरची तार टाका, आणि पूर्ण भार असताना उपकरणाच्या टोकाशी मल्टिमीटर लावून बघा.

छपराच्या मोटरला स्वतःची बॅटरी हवी. सगळ्यांसाठी एकच यूपीएस ठेवला, तर रात्रभर तोच रिकामा होतो आणि शेवटी छपराला काही उरत नाही. मोटरची बॅटरी निदान दोनदा पूर्ण उघडझाप करू शकेल एवढी हवी, आणि मुख्य वीज गेल्याचा संकेत छपराच्या कंट्रोलरला संगणकाच्या मध्यस्थीशिवाय, थेट मिळायला हवा. संगणक आणि माउंट यांच्या यूपीएसला पार्क होऊन नीट बंद होण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

विजेच्या कडकडाटापासून बचाव करताना लोक मुख्य लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवतात आणि नेटवर्कची तांब्याची केबल विसरतात. घरापासून वेधशाळेपर्यंतच्या लांब केबलमध्ये जवळ पडलेल्या विजेनेही दाब निर्माण होतो आणि एका क्षणात राउटर, संगणक आणि कॅमेरा जातात. तिथे ऑप्टिकल फायबर घाला. त्यातून वीज वाहत नाही, आणि दोन टोकांची मीडिया कन्व्हर्टर जोडी हा त्या नुकसानीपुढे किरकोळ भाग आहे.

पहारेकरी

आता संगणक गोठण्याचा प्रश्न. छपराचा ताबा संगणकाकडे ठेवूच नये. एक छोटा मायक्रोकंट्रोलर छपराची मोटर, टोकांचे सेन्सर, पावसाचा रिले आणि पार्क स्विच सांभाळतो. संगणक त्याला फक्त विनंती करतो: "उघड". त्याशिवाय दर तीस सेकंदांनी संगणकाने त्याला "मी जिवंत आहे" असा संदेश द्यायचा. पाच मिनिटं संदेश आला नाही, की कंट्रोलर माउंटची वीज तोडून, पुन्हा जोडून पाहतो आणि छप्पर बंद करतो. हा कार्यक्रम शंभर-दोनशे ओळींचा असावा, त्यात नेटवर्क नसावं आणि कंट्रोलरचा अंतर्गत वॉचडॉग टायमर (कार्यक्रम अडकला की तो पुन्हा सुरू करणारं घड्याळ) चालू असावा. जिवंतपणाचा संदेश पाठवणारा कार्यक्रम वेगळा ठेवला, तर मुख्य सॉफ्टवेअर गोठलेलं असतानाही तो सुखेनैव संदेश पाठवत राहतो. तेव्हा तो मुख्य कामाच्या चक्रातूनच निघायला हवा.

आणखी एक कुलूप सूर्याचं. सूर्य क्षितिजाच्या वर असताना छप्पर उघडण्याची विनंती कंट्रोलरने नाकारावी. दिवसा चुकून उघडलेल्या छपराखाली सूर्याकडे रोखलेली दुर्बीण फिल्टर आणि सेन्सर जाळते, आणि आगही लागू शकते. पार्क स्थितीही सूर्यमार्गापासून दूर, आडवी आणि ध्रुवाच्या बाजूला ठेवा.

या कल्पना नव्या नाहीत. लुई बॉइड आणि रसेल जेनेट यांनी १९८० च्या दशकात, आजच्या स्मार्ट घड्याळापेक्षाही दुबळ्या संगणकांवर, रात्रभर एकट्याने ताऱ्यांची तेजस्विता मोजणाऱ्या दुर्बिणी चालवल्या. कार्यक्रम लहान आणि नियम कडक असले की फार मोठी संगणकशक्ती लागत नाही.

खांब आणि माउंट

खांबाचं काँक्रीट खोलीच्या जमिनीपासून तोडलेलं हवं, नाहीतर छपराच्या मोटरचा कंप ताऱ्यांत दिसतो. एक मीटर बाय एक मीटर, ०.८ मीटर खोल असा ठोकळा दोन टनांच्या आसपास भरतो आणि मध्यम दुर्बिणीला पुरतो. वरचा खांब शक्य तेवढा बुटका ठेवा. उंची दुप्पट केली की त्याच जोराला तो आठपट वाकतो. खांबाच्या माथ्यावर तीन लांब बोल्टांवर टांगलेली पट्टी लावायची पद्धत लोकप्रिय आहे, पण सगळी कडक बांधणी त्या बोल्टांपाशी येऊन ढिली पडते. पट्टी सरळ खांबावर बसवा.

माउंट निवडताना भार पेलण्याच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट आधी विचारा: वीज गेल्यावर आपण कुठे आहोत हे त्याला कळतं का? ॲब्सोल्यूट एन्कोडर (अक्षाचा नेमका कोन कायम सांगणारा सेन्सर) किंवा होम सेन्सर नसेल, तर वीज परतल्यावर तो जिथे आहे तिथेच "पार्क" समजतो आणि पहिल्याच हालचालीत कॅमेरा खांबावर आदळू शकतो. हार्मोनिक ड्राइव्हचे हलके माउंट प्रतिभाराशिवाय चालतात आणि नेण्याआणण्यासाठी छान आहेत. पण त्यांची आवर्ती (प्रत्येक फेऱ्यात परत येणारी) चूक मोठी आणि वेगाने बदलणारी असल्याने एक-दोन सेकंदांचं गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून नेम सुधारणं) सतत लागतं. गायड तारा ढगाआड गेला की छायाचित्र लगेच बिघडतं. कायमच्या वेधशाळेत वजन वाचवायचं कारण नसतं, तेव्हा एन्कोडरचा जड माउंट बरा.

पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) एका आर्कमिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, आत आणा. एक आर्कमिनिट चूक असेल तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) सरकतो. संगणकाचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेलं ठेवा. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरतं, म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं की नेम एक आर्कमिनिट चुकतो. लघुग्रहांच्या स्थिती मोजायच्या असतील तर घड्याळाची चूक थेट निकालात जाते.

जर्मन माउंटचं मेरिडियन फ्लिप, म्हणजे लक्ष्य उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडताना दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला फिरवणं, हे रात्रीतलं सगळ्यांत नाजूक वळण. सॉफ्टवेअरने फ्लिप सांगितलं नाही तरी माउंट मेरिडियन ओलांडल्यावर काही अंशांवर स्वतःच थांबावा, यासाठी त्याच्या आतल्या मर्यादा लावा. फ्लिपनंतर प्लेट सॉल्व्ह करून (चित्रातले तारे ओळखून नेम कुठे आहे ते शोधून) लक्ष्य पुन्हा केंद्रात आणायचं आणि मगच गायडिंग सुरू करायचं. केबल इथेच अडकतात. दुर्बिणीवरच हब आणि वीजवाटप पेटी बसवून खाली फक्त दोन केबल सोडल्या, तर बहुतेक अडचणी संपतात. यूएसबी ३ ची केबल तीन मीटरपलीकडे साध्या स्वरूपात भरवशाची राहत नाही, त्यामुळे छोटा संगणकही दुर्बिणीवर किंवा खांबावरच ठेवा.

स्वस्त यूएसबी-सीरिअल चिपांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, हा बारीक मुद्दा बराच त्रास देतो. प्लग दुसऱ्या पोर्टमध्ये गेला की विंडोज नवा कॉम (सीरिअल पोर्टचा) क्रमांक देतं आणि सॉफ्टवेअर फोकसरऐवजी भलत्याच उपकरणाशी बोलायला जातं. अनुक्रमांक असलेल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपचे कन्व्हर्टर घ्या आणि प्रत्येक पोर्टवर नावाची चिठ्ठी चिकटवा.

दुर्बीण, कॅमेरा, फोकस

पहिल्या रोबोटिक वेधशाळेसाठी ८० ते १३० मिलिमीटरची अपवर्तक (भिंगांची) दुर्बीण घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. परावर्तक (आरशांच्या) दुर्बिणीत कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, बिघडतं आणि ते सुधारायला माणूस लागतो. श्मिट-कॅसेग्रेन प्रकारच्या दुर्बिणीत मुख्य आरसा फ्लिपला सरकतो. तिथे आरशाचे लॉक आणि मागे वेगळा फोकसर हवाच.

एका पिक्सेलवर आकाशाचे किती आर्कसेकंद पडतात, हे मोजमाप सोपं आहे: पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये, गुणिले २०६, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. सोनीच्या आयएमएक्स५७१ सेन्सरचा ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल ८०० मिलिमीटरला सुमारे ०.९७ आर्कसेकंद देतो, जो दोन-तीन आर्कसेकंदांच्या सीइंगला (हवेच्या थरथरीने ताऱ्याला येणाऱ्या फुगवट्याला) चांगला जुळतो. दोन मीटर नाभीय अंतराला तोच पिक्सेल ०.३९ होतो, तिथे बिनिंग करा (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजा), नाहीतर नुसत्या फाइली फुगतात. त्याच पिक्सेलचा मोठा भाऊ आयएमएक्स४५५ एका चित्राला सुमारे १२२ मेगाबाइट घेतो, म्हणजे शंभर चित्रांची रात्र बारा गिगाबाइटची. दुरून ती उतरवायला पातळ इंटरनेट पुरणार नाही, तेव्हा चाळणी आणि कॅलिब्रेशन जागेवरच करायची सोय ठेवा.

कूलरचं तापमान वर्षभर गाठता येईल असं निवडा. रात्री हवा २५ अंश असेल आणि कूलर ३५ अंश खाली जाऊ शकत असेल, तर उणे १० म्हणजे शंभर टक्के जोर. तापमान डळमळतं आणि डार्क (झाकण लावून घेतलेली, सेन्सरचा गोंगाट वजा करायची चित्रं) जुळत नाहीत. शून्य किंवा उणे ५ धरा, कूलर साठ-सत्तर टक्क्यांवर राहू द्या आणि एकच डार्क-संग्रह वापरा.

फोकसबद्दल लोकांचा अंदाज नेहमी कमी पडतो. एफ/५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीचा सुरक्षित फोकस-पट्टा सुमारे ६७ मायक्रोमीटर, एफ/४ चा अवघा ४३. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला २३ मायक्रोमीटर आकसतं. ८० सेंटिमीटरची नळी सहा अंश थंड झाली की ११० मायक्रोमीटर आखूड होते, म्हणजे संध्याकाळचा फोकस मध्यरात्रीपर्यंत नक्की हुकलेला असतो. दर दीड-दोन अंशांना, फिल्टर बदलल्यावर, फ्लिपनंतर आणि ताऱ्यांचा आकार दहा टक्के वाढला की ऑटोफोकस, असे ट्रिगर लावा. नऊ बिंदूंचा (फोकसच्या नऊ जागांवर ताऱ्यांचा आकार मोजून काढलेला) वक्र, प्रत्येक बिंदूला चार ते सहा सेकंदांचं एक्स्पोजर. त्याहून कमी घेतलं तर सीइंगच्या थरथरीने वक्र वेडावाकडा येतो. शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने, कॅमेऱ्याचं वजन वर ढकलत संपवा, म्हणजे दात्यांमधली सैल जागा आड येत नाही. पातळ ढगात ऑटोफोकस फसला तर सॉफ्टवेअरने जुन्याच जागी परत जायला हवं. काहींची मूळ मांडणी शेवटच्या बिंदूवर सोडून देते आणि उरलेली रात्र ताऱ्यांऐवजी कड्या टिपल्या जातात.

फ्लॅटसाठी (प्रकाशाची असमानता सुधारायला घेतलेल्या, एकसारख्या उजेडाच्या चित्रांसाठी) झाकणालाच जोडलेलं प्रकाशफलक सोयीचं, कारण त्यामुळे धुळीपासूनही बचाव होतो. मंद केलेलं एलईडी फलक प्रत्यक्षात लुकलुकत असतं, त्यामुळे रोलिंग शटरच्या (ओळीओळीने चित्र वाचणाऱ्या) सेन्सरवर छोट्या एक्स्पोजरला आडवे पट्टे येतात. फलकापुढे कागदाचे थर लावून एक्स्पोजर दोन सेकंदांवर न्या आणि १६ बिटच्या मोजपट्टीवर ३०,००० च्या आसपास थांबा.

सॉफ्टवेअर

विंडोजवर ॲस्कॉम आणि लिनक्सवर इंडी, हे उपकरणं आणि सॉफ्टवेअर यांना एका भाषेत बोलायला लावणारे दोन पाये. ॲस्कॉमची अल्पाका पद्धत नेटवर्कवरून चालते, त्यामुळे हवामान-पेटी वेगळ्या यंत्रावर ठेवता येते. वर अनुक्रम चालवायला निना, व्हॉयेजर, एसीपी किंवा इंडीसोबत केस्टार्समधलं एकोस, गायडिंगला पीएचडी२, प्लेट सॉल्व्हला ॲस्टॅप. यांपैकी कुठलंही चालेल, एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. लक्ष्य निवडताना ३० अंशांखालची उंची वर्ज्य करा. तिथे प्रकाश माथ्याच्या दुप्पट हवेतून येतो.

विंडोजमध्ये आपोआप रीस्टार्ट आणि यूएसबीची वीजबचत बंद करा. बायोसमध्ये वीज परतल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा असं ठेवा. राउटरपाशी असा स्मार्ट रिले लावा, जो बाहेरचा पत्ता दहा मिनिटं उत्तर देत नसेल तर राउटर स्वतःच बंद-चालू करतो. आत एक कॅमेरा ठेवाच, पण त्याचे अवरक्त दिवे छायाचित्रणाच्या वेळी बंद हवेत. ८५० नॅनोमीटरचा तो प्रकाश खगोलीय कॅमेऱ्याला स्वच्छ दिसतो. त्या कॅमेऱ्याला मायक्रोफोन असेल तर उत्तम. अडकलेल्या मोटरचा आवाज चित्रात दिसण्याआधी ऐकू येतो.

चाचण्या आणि देखभाल

एकट्याने सोडण्याआधी, कोरड्या दिवशी, दुर्बिणीवर झाकण ठेवून आणि सूर्याचं कुलूप तात्पुरतं काढून, हे सगळं मुद्दाम घडवून आणा: पाऊस-सेन्सरवर पाणी शिंपडा. मुख्य वीज तोडा. अनुक्रम चालू असताना मुख्य सॉफ्टवेअर टास्क मॅनेजरमधून मारा. नेटवर्क केबल उपटा. ढग-सेन्सरची तार काढा. छपराच्या वाटेत लाकडाचा ठोकळा ठेवा. प्रत्येक वेळी छप्पर किती सेकंदांत बंद झालं आणि सूचना आली का, हे लिहून ठेवा. आणि शेवटी कुलूप परत लावलं का, तेही. नंतर रात्री आधी शेजारी बसून, मग घरातून, मग झोपून, अशा क्रमाने हात सोडा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

देखभालीत दर महिन्याला रुळ पुसणं, ढग-सेन्सरचं तोंड आणि पाऊस-सेन्सरची घुमटी साफ करणं, टोकांच्या सेन्सरची पट्टी घट्ट आहे का बघणं आणि छपराची बॅटरी भार देऊन तपासणं एवढं तरी हवं. केबल कुरतडणाऱ्या उंदरांसाठी भिंतीतली प्रत्येक फट स्टीलच्या जाळीने बुजवा. फोमचा त्यांना अडसर होत नाही. बंद काळात आतली हवा दमट राहिली की सर्किट-बोर्ड गंजतात, म्हणून लहान डिह्युमिडिफायर चालू ठेवा आणि त्याचं पाणी टाकीत साठवण्याऐवजी नळीने बाहेर सोडा, कारण टाकी भरली की तो मुकाट्याने बंद पडतो. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धुक्यासारखा डाग दिसला, तर त्याच्या ओलावा शोषणाऱ्या गोळ्या बदलायची किंवा वाळवायची वेळ झाली.